समोर बसलेलं माणूस

प्रदर्शनात एखादं चांगलं व्यक्तिचित्र लागलं की त्याच्यापुढे उभं राहून कुणीतरी हमखास म्हणतं, "अगदी फोटो काढल्यासारखं!" बोलणाऱ्याच्या मनात निखळ कौतुक असतं. तेच चित्र समीक्षक याच शब्दांनी निकालात काढतो : फोटोसारखंच असेल तर त्यात चित्रकाराचं काय? कौतुक करणारा आणि नाक मुरडणारा, दोघांचा समज एकच आहे. डोळ्यांपुढचं जसंच्या तसं कागदावर उतरवणं म्हणजे वास्तववादी चित्रण, असं दोघंही धरून चालतात.

आता तर मोबाईलमधलं ॲप फोटोचं 'तैलचित्र' करून देतं. चार शब्द टाइप केले की जगात नसलेल्या माणसाचाही चेहरा हजर होतो. मग मुलीला कलामहाविद्यालयात घालताना आईवडील विचारतात, एका म्हाताऱ्याला समोर बसवून आठवडाभर चारकोलने त्याचं डोकं काढत बसायचं, ते कशासाठी? हा प्रश्न मला रास्त वाटतो. त्याचं उत्तर नीट दिलं नाही तर कलाशाळांच्या वेळापत्रकातून तो म्हातारा उठून जाईल, आणि तो गेल्याचं लवकर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

माझं उत्तर शाळेतल्या एका तांब्यापासून सुरू होतं. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना लाखो मुलं बसून गेली आहेत, त्यांतलाच मी एक. वस्तुचित्राच्या तयारीसाठी आमच्या चित्रकलेच्या सरांनी स्टुलावर पितळी तांब्या ठेवला होता. मी त्याचं तोंड छान गोल काढलं, कारण तांब्याचं तोंड गोल असतं. सरांनी कागदाकडे पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि मला तांब्याच्या पातळीवर डोळे येतील असं खाली बसवलं. तोंडाची नुसती आडवी रेघ झाली. मग हळूहळू उभं राहायला सांगितलं. रेघ उघडत गेली, बदामासारखी झाली, आणखी फुगली. पूर्ण गोल ती झालीच नाही. तेव्हा मला कळलं की मी इतका वेळ तांब्या काढतच नव्हतो, तांब्याविषयी ठाऊक असलेलं काढत होतो.

वास्तववादी चित्रणाचं सगळं शिक्षण या एका फरकावर उभं आहे. ठाऊक असलेलं बाजूला ठेवून दिसतंय ते पाहायचं. ऐकायला सोपं आहे, पण जन्मभर पुरतं. ओठ लाल असतात, केस काळे असतात, सावली काळी असते, हे सगळं आपल्याला 'ठाऊक' असतं. खिडकीच्या उजेडात माणूस बसवला की त्याच्या गालाखालच्या सावलीत अंगातल्या हिरव्या सदऱ्याचा रंग परतून आलेला असतो, आणि काळ्या केसांवर आभाळाचा निळसरपणा असतो. हे दिसायला काही दिवस लागतात, काहींना वर्षं लागतात. एकदा दिसू लागलं की दुसऱ्या माणसापुढे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, कारण त्याची कातडी वेगळी असते, बसणं वेगळं असतं, उजेड वेगळा असतो. म्हणून या वाटेवरच्या चित्रकाराला विषय शोधत हिंडावं लागत नाही. पुढचं काम समोरच बसलेलं असतं.

सावळाराम हळदणकरांचं उदाहरण घ्या. सावंतवाडीला १८८२ साली जन्मलेल्या या चित्रकाराने साठी ओलांडल्यावर, १९४५-४६च्या सुमारास, आपल्या लेकीला, गीताला, हातात दिवा देऊन उभं केलं. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर उजेड, आणि खालून उजळलेला चेहरा. 'ग्लो ऑफ होप' या नावाने हे चित्र सगळीकडे पोचलं आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे, आणि ते पाहून कितीतरी माणसं 'रविवर्म्याचं चित्र पाहिलं' असं सांगत घरी येतात. मराठी चित्रकाराचं श्रेय असं दुसऱ्याच्या नावावर जमा होतं याची मला फार खंत वाटते. पण आत्ताचा मुद्दा वेगळा आहे. हे चित्र जलरंगातलं आहे. पारदर्शक जलरंगात उजेड रंगवता येत नाही, तो राखावा लागतो. जिथे ज्योतीचं तेज हवं तिथे कागद कोरा सोडायचा आणि भोवतीचा अंधार थरावर थर देत चढवत न्यायचा. एक थर जास्त झाला की उजेड मेला, मग तो परत आणता येत नाही. आयुष्यभर व्यक्तिचित्रं केलेल्या, चित्रकलेची शाळा चालवून पिढ्या घडवलेल्या माणसाला त्या वयात हा धोका पत्करावासा वाटला. नाव, पदकं, शिष्य सगळं मिळून झालं होतं. तरीही बोटांच्या आरपार दिसणारा दिव्याचा उजेड त्यांना अजून सोडवायचा होता. चित्रकाराला कामाला लावणारी गोष्ट ती हीच.

'कॅमेरा आल्यावर याची गरज संपली' हे तर मुंबईपुरतं तारखांनीच खोटं ठरतं. फोटोग्राफीचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाला १८३९ साली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं त्यानंतर, १८५७ मध्ये. म्हणजे जे. जे.मधून पुढे आलेल्या ज्या शैलीला आपण बॉम्बे स्कूलचा वास्तववाद म्हणतो ती जन्मली तेव्हाच कॅमेरा या शहरात येऊन बसला होता. पेस्तनजी बोमनजी, धुरंधर, त्रिंदाद, पिठावाला, हळदणकर ही सगळी मंडळी फोटो स्टुडिओंच्या शेजारी राहून, प्रसंगी फोटोंचा आधार घेऊन चित्रं काढत होती. फोटोने त्यांना बेकार केलं नाही. फोटो जे टिपत नाही ते त्यांच्या हातात होतं.

फोटो काय टिपत नाही? कॅमेरा एका डोळ्याने आणि एका क्षणात पाहतो. आपण दोन डोळ्यांनी, डोकं हलवत, वेळ घेत पाहतो. फोटोतल्या सावल्या बुजून काळ्या होतात, प्रत्यक्ष सावलीत मात्र रंग असतात. शिवाय माणूस समोर बसतो तेव्हा तो तासाभरात बदलतो. पहिली वीस मिनिटं तो 'बसलेला' असतो, मान ताठ, चेहरा फोटोसाठी ठेवावा तसा. मग खांदे उतरतात, तोंडाची घडी सैल होते, नजर कुठेतरी घरच्या विचारात जाते. चित्रकाराला यांतला एकच क्षण निवडायचा नसतो, त्याला हे सगळे क्षण एका चेहऱ्यात बसवायचे असतात. चांगल्या व्यक्तिचित्रासमोर उभं राहिल्यावर 'आता हा बोलेल' असं जे वाटतं ते पापण्यांचे केस मोजून काढल्यामुळे वाटत नाही. तिथे तीन तास मुरलेले असतात. वासुदेव कामतांना २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला तो पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी. रोज पाहिलेला, पाठ झालेला चेहरा, म्हणजे 'ठाऊक असलेल्या' गोष्टीचा सगळ्यात मोठा सापळा. तो पुन्हा नव्याने पाहता येणं हे मला त्या पुरस्काराहून मोठं वाटतं.

एक आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. ही शैली आपली नाही, साहेबाने शिकवली, असं म्हणतात. ते खरं आहे. इंग्रजांना हव्या होत्या कारागिरांच्या सफाईदार हातांच्या शाळा. इथल्या मुलांना ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून रेखाटन शिकवलं गेलं. वाड्यांच्या भिंतींवरची, पोथ्यांमधली आपली चित्रपरंपरा तेव्हा हिशेबातही धरली गेली नाही, आणि ते नुकसान अजून भरून निघालेलं नाही. (त्याच जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी तिथले इंग्रज शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२पासून वर्षानुवर्षं अजिंठ्यात बसून तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या, हेही सांगायला हवं. त्यांतल्या बऱ्याच पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या.) पण परकी गोष्ट कायम परकीच राहते का? पेटी बाहेरून आली. आज तिच्याशिवाय नाट्यसंगीत आणि भजन डोळ्यांपुढे आणून पाहा.

कोल्हापूरच्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी साहेबाकडून आलेल्या या हत्याराने काय पाहिलं ते पाहा. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना मिळालं ते 'आलीस का गं लक्ष्मी?' या चित्राला. पुढची चाळीसेक वर्षं त्यांच्या कुंचल्याखालून लग्नकार्यं गेली, बाजार गेले, नऊवारीचे काष्टे, नथी, पगड्यांचे पन्नास प्रकार गेले. जातीजातीची, पेशापेशाची माणसं त्यांनी इतक्या बारकाईने टिपली की तेव्हाची मुंबई कशी चालत होती, वाकत होती, ओझं कसं उचलत होती, हे समजायला आज त्यांची रेखाटनं उघडावी लागतात. जे. जे.मध्ये विद्यार्थी म्हणून आलेला हा माणूस शेवटी त्या संस्थेचा प्रमुख झाला आणि 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' लिहून गेला. आकृती रचण्याची रीत विलायती होती, पण डोक्यावरचा पदर सावरणारा हात कोणत्या बोटांनी तो धरतो, हे विलायतेतून आलेलं नव्हतं. ते त्यांनी इथे पाहिलं.

कोल्हापुरात तर ही नजर चौकटीबाहेर पडली. आबालाल रहिमानांनी रंकाळ्याचा संध्यामठ, कोटितीर्थाचं पाणी पुन्हा पुन्हा रंगवलं. जागा तीच, पण सकाळ वेगळी, आभाळ वेगळं. फ्रान्समध्ये कुणी गवताच्या गंजी उन्हापावसात पुन्हा पुन्हा रंगवल्या की आपण भारावतो. आपल्याकडे तळ्याकाठी तेच वेड घेऊन बसलेला माणूस होता, हे किती जणांना शाळेत सांगितलं जातं? त्याच गावात बाबूराव पेंटरांनी रंगाचा हात सिनेमाकडे वळवला, १९१८ साली स्वतः कॅमेरा तयार केला, आणि १९२५मध्ये 'सावकारी पाश' काढला. देवादिकांच्या कथांनी भरलेल्या पडद्यावर कर्जात बुडून जमीन गमावणारा शेतकरी आला. तो काळ नजरेपुढे आणला तर ही केवढी मोठी उडी होती ते कळतं. माणसाला आहे तसं पाहायची सवय हाताला आधी लागली होती, म्हणूनच ती पडद्यावर उतरली, असं मी मानतो.

आता घरातल्या दोषांविषयी बोललं पाहिजे, कारण वास्तववादाला आज बाहेरच्या टीकेपेक्षा आपल्याच आळसाचा धोका जास्त आहे. वार्षिक प्रदर्शनांतून फिरताना दिसतं काय? सुरकुतलेला, लाल फेटा बांधलेला राजस्थानी म्हातारा. बनारसचा घाट. पडक्या वाड्याचा दरवाजा आणि त्यावर तिरपं ऊन. पावसात भिजलेला रस्ता आणि त्यात दिव्यांची प्रतिबिंबं. हात सुरेख असतो, सफाई डोळे दिपवणारी असते, आणि चित्रकार त्या म्हाताऱ्याला कधी भेटलेलाही नसतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या फोटोवर प्रोजेक्टरने रेषा मारून घेतलेली असते. हा वास्तववाद नव्हे. सुरकुत्यांचा हा व्यापार आहे, आणि यंत्र तो आपल्यापेक्षा स्वस्तात आणि भराभर करणार. ते करूही लागलं आहे. ज्याने फक्त फोटोची नक्कल करायला हात कमावला, त्याच्या पायाखालची जमीन खरोखरच सरकली आहे, आणि त्याला खोटा धीर देण्यात अर्थ नाही. ज्याने पाहायला शिकून घेतलं त्याचं काम मात्र यंत्राने हिरावलेलं नाही, कारण यंत्र आधी काढल्या गेलेल्या चित्रांतून चित्र जुळवतं. समोर बसलेलं माणूस त्याच्याकडे नसतं.

मराठीत आपण 'वास्तववाद' हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो, त्यानेही घोळ होतो. एक, दिसतं तसं काढण्याची यथार्थदर्शी रीत. दुसरी, काय पाहायचं याचा निर्णय. पॅरिसमध्ये १८५५ साली फ्रेंच चित्रकार कूर्बेने स्वतःचा वेगळा मांडव उभारून चित्रं लावली तेव्हा भांडण या दुसऱ्या गोष्टीवर होतं : खडी फोडणारा मजूर आणि गावातली साधी मयत हे भल्या थोरल्या कॅनव्हासचे विषय होऊ शकतात की नाही. आपल्याकडे हा प्रश्न ज्यांनी मनापासून घेतला त्यांत सुधीर पटवर्धनांचं नाव मला सगळ्यात आधी आठवतं. पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ, राहायला ठाण्यात, चित्रकलेची पदवी नाही. इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस, लोकलमधली गर्दी, गिरण्या संपत चाललेलं लोअर परळ. त्यांची आकृती 'फोटोसारखी' मुळीच नसते. ती जाड असते, कधी ओबडधोबड, परिप्रेक्ष्य, म्हणजे जवळ-दूरचा हिशेब, मुद्दाम वाकवलेलं. तरी एखाद्या मजुराने त्या चित्रापुढे उभं राहावं आणि आपलं थकलेलं शरीर ओळखावं, इतकी ती खरी असते. आजच्या तरुण चित्रकाराला मी सांगेन, हळदणकरांकडून उजेड शिक आणि पटवर्धनांकडून तो कुणावर टाकायचा ते शिक.

विषयांची तर रांग लागली आहे. रात्री साडेअकराच्या कर्जत लोकलमध्ये शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलीचा चेहरा मोबाईलच्या उजेडाने खालून उजळलेला असतो. हनुवटी थंड निळी, डोळ्यांच्या खोबणी उलट्या दिशेने भरलेल्या, आणि वर डब्यातल्या ट्यूबचा फिकट हिरवट प्रकाश. दिव्याच्या उजेडातल्या त्या लेकीची ही आजची बहीण आहे. पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन सिग्नलला पाय टेकवून थांबलेला डिलिव्हरीवाला मुलगा आहे. उड्डाणपुलाखालचं तिन्हीसांजेचं ऊन आहे. हे अजून कुणी पुरतं पाहिलेलं नाही. कॅमेऱ्यात हे रोज हजार वेळा शिरतं आणि रोज तसंच वाहून जातं.

अमूर्त चित्रं काढणाऱ्यांशी माझं वैर नाही. मुंबईतल्या तरुण चित्रकारांच्या १९४७च्या प्रोग्रेसिव्ह गटाने या शैलीच्या मक्तेदारीविरुद्ध बंड केलं ते गरजेचंच होतं. पदकं आणि परीक्षक तेव्हा एकाच साच्यात अडकले होते. पण त्या काळातले बरेच जण हात आणि डोळा कमावून मग निघाले. अमूर्त चित्रं काढणारे गायतोंडे जे. जे.मध्ये शिकले, आणि त्यांच्या नंतरच्या कॅनव्हासांवर एका रंगाच्या पोटातून दुसरा रंग उजळतो तेव्हा छटांची ही कमाई मला दिसते. वास्तववाद प्रत्येकाने आयुष्यभर करावा असा माझा आग्रह नाही. तो दारातच मिटवून टाकू नये, एवढाच आहे.

म्हणून मागणं साधं आहे. जे. जे.ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आता अभ्यासक्रम नव्याने बांधायची मोकळीक आहे. तिथे आणि राज्यातल्या प्रत्येक कलामहाविद्यालयात जिवंत मॉडेलसमोरचे तास वाढवा, संगणकाला जागा करून देताना ते कापू नका. मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाया-पुरुषांच्या खांद्यावर ही सगळी परंपरा उभी आहे. त्यांना वेळेवर आणि मानाने मोबदला द्या. शाळेतल्या वस्तुचित्राची तयारी गाइड समोर ठेवून करून घेऊ नका, स्टुलावर खरा तांब्या ठेवा.

आणि मूळ चित्रं माणसांपर्यंत जाऊ द्या. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीरूपातलं. नाटकाच्या मध्यंतरात तिकडे नजर गेलेली मुलं मी पाहिली आहेत. औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेलं भवानी संग्रहालय, कोल्हापूरच्या टाउन हॉलमधला संग्रह, पणजीला फोंताइन्यशमध्ये लावलेली आंतोनियो त्रिंदाद यांची चित्रं, ही आपली खरी विद्यापीठं आहेत. छापील चित्रात रंगाचा थर दिसत नाही, कुंचला कुठे थबकला ते दिसत नाही. चित्रकाराला ते वीतभर अंतरावरूनच पाहावं लागतं. सहली तिथे न्या. प्रकाशाची नीट सोय करा, चित्राखाली नाव आणि साल मराठीत लिहा, आणि मुलांना तिथे जमिनीवर बसून रेखाटन करू द्या.

काही वर्षांपूर्वी एका गावातल्या व्यक्तिचित्रणाच्या शिबिरात मी मागे बसून दिवसभर पाहत होतो. चौथऱ्यावर बाजारात हमाली करणारे सत्तरीचे एक आजोबा बसले होते, भोवती चित्राचा फळा ठेवायच्या बारा घोड्या, म्हणजे ईझल. वीस मिनिटांची बैठक, पाच मिनिटांची विश्रांती. दुपारच्या विश्रांतीत ते उठले, गुडघे चोळले, आणि पहिल्यांदाच मुलांच्या मागून एकेक चित्र पाहत निघाले. बारा चित्रांत बारा जण होते. नाक सगळ्यांचं जुळलेलं, माणूस कुठे जुळलेला, कुठे नाही. एका मुलीच्या फळ्यापाशी ते थांबले. तिचं चित्र सगळ्यात अर्धवट होतं, कानाचा तर पत्ताच नव्हता. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "ह्यो माझा बा हाय." त्यांच्या वडिलांचा फोटो कधी काढलेलाच नव्हता, हे त्यांनी मग सांगितलं. मुलीने काही न बोलता कोळसा उचलला. ते परत चौथऱ्यावर गेले, पावलांसाठी खडूने आखलेल्या खुणांवर बरोबर पाय ठेवले, आणि मान पुन्हा खिडकीकडे वळवली.